केबिनची सागवानी जमीन: सातपैकी पाच फळ्या तयार

मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर काढली आणि त्याच आठवड्यात केबिनच्या जमिनीच्या सातही फळ्या उचलून मी ठाण्याला घरी आणल्या. बोट 27 फुटी, फायबरग्लासची आहे. तिची जमीन म्हणजे 12 मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय, त्यावर सागवानाचे व्हिनियर म्हणजे पातळ पापुद्रा आणि त्यात ठरावीक अंतराने बसवलेल्या हॉली या लाकडाच्या पांढरट पट्ट्या. पाहणाऱ्याला ती अखंड सागाची वाटते, पण वरचा साग एक मिलिमीटरही जाड नाही, आणि पुढचे सगळे काम या एका गोष्टीच्या धाकात करावे लागले.

वरून पाहता दोष व्हार्निशचाच दिसत होता. शिडीच्या पायथ्याशी ते उकलले होते आणि हॉलीच्या पट्ट्या करड्या पडल्या होत्या. फळ्या उलट्या केल्यावर मात्र खरे दुखणे समोर आले. खालची बाजू आणि कडा यांना बोट बांधताना जेमतेम एक हात मारलेला असावा. बिल्जमधले, म्हणजे जमिनीखाली बोटीच्या तळाच्या पोकळीत साचणारे पाणी बोट कलली की फळ्यांच्या खालच्या अंगाला लागते, प्लायच्या उघड्या कडेतून आत शिरते आणि वरचे व्हार्निश त्याला बाहेर पडू देत नाही. त्यामुळे चकचकीत भागाखालीही लाकूड काळवंडले होते. माझ्या मते या जमिनीचे आयुष्य वरच्या चकाकीवर नव्हे, तर कडांवर ठरते, म्हणून या खेपेला निम्म्याहून अधिक वेळ मी कडांना दिला.

जुने व्हार्निश हीट गनने काढण्याचा मोह मी टाळला, कारण उष्णतेने व्हिनियरखालचा गोंद सुटण्याची भीती असते. धारदार स्क्रॅपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढत नेला, की व्हार्निश मधाच्या रंगाच्या कुरळ्या सालींसारखे निघून येते. त्यानंतर 120 आणि 180 नंबरचा पॉलिश पेपर हाताने फिरवला. तिसऱ्या फळीवर घाई करून ऑर्बिटल सँडर लावला, तो फळी उचलताना हाताचे बोट घालायच्या कडीजवळ क्षणभर रेंगाळला आणि सागाखालचा तांबूस थर उघडा पडला. तेथे ठिगळ चौकोनी न कापता दोन्ही टोकांना निमुळते कापले आणि त्याच्या रेषा आजूबाजूच्या रेषांशी जुळवल्या. चौकोनाची आडवी कड नजरेला लगेच खटकते, निमुळते टोक रेषांतच मिसळून जाते. उरलेल्या फळ्यांवर मशीन वापरले नाही.

खिळे-स्क्रूभोवतीचे काळे डाग हे लोखंड आणि सागातील टॅनिन यांच्या संयोगाने पडतात, ते घासून जात नाहीत. कोमट पाण्यात विरघळवलेले ऑक्झॅलिक आम्ल ब्रशने लावून वीस मिनिटे ठेवल्यावर डाग फिकट होत गेले. फक्त डागावर न लावता पूर्ण फळीवर सारखे लावावे, नाहीतर डागाच्या जागी फिकट वर्तुळ उरते. नंतर भरपूर पाण्याने धुवावे, आणि वाळलेल्या फळीवर पेपर मारताना मास्क जरूर लावावा, कारण उरलेल्या आम्लाची धूळ घशाला झोंबते.

शिडीजवळच्या फळीचा एक कोपरा मात्र थरांमध्ये सुटला होता. तो तीन आठवडे वाळवला, सिरिंजने इपॉक्सी (वाळून कडक होणारी चिकट राळ) आत सोडले आणि प्लॅस्टिकचा कागद घालून शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवला. आता त्यावर बोटाने टकटक केली की पोकळ आवाज येत नाही.

कडांचे काम असे केले: आधी रंध्याने प्रत्येक कड सुमारे दीड मिलिमीटर उतरवली, कारण थरांनी जाडी वाढून फळ्या एकमेकींत अडकतात आणि ऐन वेळी बिल्ज उघडता येत नाही. मग कडा, खालची बाजू, स्क्रूची भोके आणि कड्यांच्या खाचा यांना इपॉक्सीचे तीन हात दिले. पहिला हात संध्याकाळी द्यावा. दिवसभर तापलेले लाकूड निवू लागले की आतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढले जाते. सकाळी लावले तर तापत्या लाकडातून हवा बाहेर येऊन बुडबुडे उठतात. वाळल्यावर वर येणारा मेणचट थर पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन मगच पुढचा पेपर मारला.

व्हार्निशसाठी जुलैमधली हवा हा मोठा अडसर होता. तापमान 28 अंश आणि आर्द्रता 88 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते तो, 26 अंशांच्या जवळ येतो, आणि पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम असावा या नियमात ती हवा बसत नाही. एका फळीवर मी तरीही हात दिला. सकाळी त्यावर दुधाळ झाक होती आणि तो पूर्ण थर उतरवावा लागला. त्यानंतर लहान खोलीत डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता 55 टक्क्यांवर आणली, तेव्हा 27 अंशांना दवबिंदू 17 च्या आसपास आला आणि काम सुरळीत सुरू झाले.

सागाला पाण्यात टिकवणारे त्याचे अंगचे तेलच व्हार्निशला चिकटू देत नाही. मुंबईत सागवानाने बांधलेले आणि 1817 मध्ये पाण्यात उतरलेले ट्रिंकोमाली जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे, यावरून या लाकडाची ताकद कळावी. वरचे हे तेल काढण्यासाठी पहिल्या हाताआधी ॲसिटोनने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने फळी पुसली. फडके दर वेळी पिवळसर तपकिरी होई, ते तसे होणे थांबेपर्यंत फडकी बदलत गेलो. पहिला हात 25 टक्के थिनर घालून दिला, जेणेकरून तो रेषांत मुरावा. पुढचे चार हात चकचकीत व्हार्निशचे, प्रत्येक दोन हातांमध्ये एक पूर्ण दिवस आणि 320 चा हलका पेपर. शेवटचा हात मात्र सॅटिनचा, म्हणजे कमी चमकीच्या व्हार्निशचा. सर्व हात सॅटिनचे दिले तर त्यातील मॅट करणाऱ्या कणांमुळे लाकूड धुरकट दिसते, आणि शेवटचाही चकचकीत ठेवला तर बोट कलल्यावर ओल्या अनवाणी पायांखाली जमीन घसरते.

पाच फळ्या आता वृत्तपत्राच्या कागदावर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर उभ्या आहेत, कारण पूर्ण घट्ट होण्याआधी छपाईची शाई व्हार्निशला चिकटते. उरलेल्या दोन, पुढच्या शय्येसमोरची आणि स्वयंपाकाच्या ओट्याखालची, पेपर मारून तयार आहेत. त्यांच्या कडांचा पहिला हात उद्या संध्याकाळी देईन.