तुम्ही विचारलंत म्हणून: इतकं काळं का लिहिता?

कथा छापून आली की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत. "तुमच्या कथांतलं भविष्य इतकं काळं का असतं हो? वर राहणारे, खाली राहणारे, मध्ये भिंत. आपली मुंबई काय इतकी वाईट आहे?" माझं उत्तर पाठ झालं होतं: अशी कथा समाजाचा आरसा असते. विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं, माझंही. आता ते उत्तर तोंडून निघत नाही.

आधी एवढं तरी मान्य करा की मी पदरचं फार काही घालत नाही. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत मी वाढले. बाबा गिरणीत, आईची खाणावळ. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, जेवणारे गडी हळूहळू गावी गेले आणि त्यांची उधारी आईच्या वहीत राहिली. मग आई लोकांकडे पोळ्या करायला जाऊ लागली, पुढे टॉवरमध्ये. पुनर्विकासात एकाच प्लॉटवर जुन्या रहिवाशांची 'रिहॅब' आणि विकायची 'सेल' अशा दोन इमारती उठतात, दोघींची गेटं वेगळी, मध्ये भिंत, हे तुम्हीही रोज बघता. मी त्यापुढे फक्त शंभर वर्षं जोडते.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्सची आई ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या हवेलीत नोकरांवर देखरेख करायची. नोकरांची ये-जा मालकांच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून तिथे जमिनीखालून भुयारं काढलेली होती. मुलाने १८९५ साली 'द टाइम मशीन' ही कादंबरी लिहिली. त्यात सन ८,०२,७०१ आहे. वर उन्हात खेळणारे नाजूक एलॉय आणि जमिनीखाली यंत्रांपाशी मॉरलॉक. १९२७च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटात तर पाळी बदलते तेव्हा कामगार माना खाली घालून लिफ्टने जमिनीच्या पोटात उतरतात. ते पाहिलं तेव्हा मला बाबांची रातपाळी आठवली आणि वाटलं, हे आपलं आहे, आपण हेच लिहायचं.

मग ती संध्याकाळ. आमच्याच भागातल्या एका टॉवरमध्ये मराठी भाषा गौरव दिनाला कथावाचनाचं बोलावणं होतं. कथा अशी: एका शहरात दोन लिफ्ट असतात, एक उजेडाची, एक अंधाराची. आईला मी मुद्दाम नेलं. पहिल्यांदाच. तिने इरकली नेसली होती, हातात कापडी पिशवी, पिशवीत यजमानांसाठी बेसनाचे लाडू. मी संयोजकांशी बोलत पुढे, ती गुडघ्यांमुळे दहा पावलं मागे. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा वॉचमनचा आवाज ऐकू आला, "मौसी, बाई लोग का लिफ्ट पीछे है."

आई काही बोलली नाही. मान हलवून मागे वळली. तीस वर्षं ती तशीच वळत आलेली होती.

मी ते पाहिलं. दार मिटायला तीन-चार सेकंद होते, बटण माझ्या हाताशी होतं. "ती माझी आई आहे," एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. सोबतची माणसं माझ्या कथेचं कौतुक करत होती. वर भेटेलच की, असं मनाशी म्हणाले. तुम्ही म्हणाल, वॉचमन चुकला. त्याला सोडा, ड्युटी संपली की तोही मागच्याच लिफ्टने जातो. चुकले मी.

आई वर आली ती कचऱ्याच्या ड्रमांशेजारच्या दारातून. शेवटच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर. मी कथा वाचली. अंधाऱ्या लिफ्टपाशी आले तेव्हा हॉल गप्प झाला होता, काहींचे डोळे भरले. टाळ्या पडल्या. त्या रात्री त्यांतल्या एकालाही ही आपल्या इमारतीची गोष्ट वाटली असेल, असं मला वाटत नाही. मलाही वाटली नव्हती, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

घरी जाताना बसमध्ये आई म्हणाली, "गोष्ट बरी होती. पण लिफ्टचं खोटं वाटलं."

मी विचारलं, काय खोटं?

"तुझ्या लिफ्टमध्ये कुणी बोलतच नाही गं. आम्ही तर तिथेच बोलतो. कुणी दिवाळीला काय दिलं, कुणाची पोरगी दहावीला बसली. कामाच्या घरात कुठे तोंड उघडता येतं? तेवढे वीस मजलेच आमचे."

तेव्हापासून वेल्सही मला नीट वाचता येत नाही. त्याच्या आईची कितीतरी वर्षं नोकरांच्या जिन्यावर गेली, आणि खालच्यांना तो मॉरलॉक करतो, माणसं खाणारे. 'मेट्रोपोलिस'मधल्या त्या झुकलेल्या माना, एकसारख्या. माझ्या कथेतल्या मुक्या सावल्या. खालच्यांबद्दल कळवळा सगळ्यांनाच आहे, मग खालचं कुणी तोंड का उघडत नाही? आरसा म्हणत होते मी. पण तो वरच्या मजल्यावर टांगलेला होता, आणि टांगणारी मी होते.

पूर्वीची मी यावर भांडते. म्हणते, बायका हसतखेळत दाखवल्यास तर वाचणारा म्हणेल, बघा, सुखात आहेत की. तिचं चूक नाही. ती कथा मी पुन्हा लिहिली, गप्पांसकट, तर एका संपादकांनी 'भय उणावलं' म्हणून परत केली. त्यांचंही अगदी चूक म्हणवत नाही. म्हणून काळं लिहिणं मी सोडलेलं नाही.

परवा तिसरा खर्डा आईला वाचून दाखवला. त्यात लिफ्ट अर्ध्यात बंद पडते, आत सहा बायका. आई मध्येच थांबवून म्हणाली, "त्यातली म्हातारी केव्हाची उभी आहे. तिला आधी बसव कुठेतरी."

सर्व्हिस लिफ्टमध्ये बसायला काही नसतं. ते पान अजून तसंच आहे.