तुम्ही विचारलंत म्हणून: रोल बार कितीचा लावू?

‘आरसी गाडी वळणात मागून सुटते, रोल बार कितीचा लावू?’ यावर मी उलट विचारतो, आत्ता आहे तो बार मोकळा हलतो का? (आरसी म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी; रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांचे आर्म, म्हणजे चाकं धरणारे हात, एकमेकांना जोडणारी आणि वळणात गाडीचं कलणं रोखणारी तार.) लोकांना ही टाळाटाळ वाटते.

आकडाच हवा ना? खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराच्या टूरिंग गाडीत मागे १.३ मिमीचा बार असेल तर १.२ लावा. बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे एवढ्याशा फरकाने तो पाव भागाहून थोडा जास्तच उतरतो. मागची ग्रिप वाढेल, गाडी वळायला जराशी आळशी होईल. पुढच्या बारला त्याच वेळी हात लावू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

पण गाडी डावीकडे नीट वळते आणि उजवीकडेच सुटते, तेव्हा जाडीचा काही संबंध नसतो. मागचे दोन्ही शॉक (धक्के शोषणारे, तेल भरलेले) काढा, बारच्या लिंक, म्हणजे त्याला आर्मशी जोडणाऱ्या छोट्या दांड्या, सोडा. बार उचलून सोडला की स्वतःच्या वजनाने पडायला हवा. अडकला तर ग्रब स्क्रू (बार जागेवर धरणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू) जास्त आवळलेत; ते जेमतेम सैल करा. फार सैल केलेत तर बार खुळखुळतो आणि उशिरा काम करतो. लिंकच्या टोकाचा बॉल कप (गोळी बसते ती वाटी) घट्ट असेल तर तोही मोकळा करा. मग दोन्ही लिंक समान लांबीच्या करून जोडा, गाडी ठोकळ्यावर ठेवा आणि एक आर्म बोटाने हळूच उचला. दुसरा आर्म कधी हलू लागतो ते बघा. आता दुसऱ्या बाजूने तसंच. फरक दिसला तर एका लिंकला अर्धा फेरा द्या आणि पुन्हा तपासा. हे न करता लोक स्प्रिंगा बदलत बसतात, याचाच वैताग येतो.

दोन्ही चाकं एकदम दबली तर बार काहीच करत नाही. म्हणून ब्रेकला नाक खाली जातं ही तक्रार त्याच्याकडे नेऊ नका. खडबडीत ट्रॅकवर एका चाकाचा धक्का तो दुसऱ्याला पोचवतो; तिथे सरळ काढून टाका.

‘आधी टायर, राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची), ड्रूप (चाक खाली किती लटकतं ते), शॉक, बार सगळ्यांत शेवटी,’ असं मी ठासून सांगत आलो. पण भरपूर ग्रिपच्या कार्पेटवर गाडी उलटायला लागली की पुढचा बार जाड करणं हा पहिलाच उपाय ठरू शकतो. आणि सकाळच्या गारव्यात शॉकचं तेल घट्ट, दुपारी पातळ. सकाळी नेमका बसलेला बार दुपारी चुकीचा वाटतो. तेव्हा तेल बदलायचं की बार, यावर माझं स्वतःशीच एकमत नाही. बहुतेकदा तेल.