सहा पेचकस घ्यायला मला एक वर्ष लागलं : माझा अनुभव

आमच्याकडे स्क्रू ड्रायव्हरला कोणी स्क्रू ड्रायव्हर म्हणत नाही, पेचकस म्हणतात, म्हणून मी पण पेचकसच लिहितो. गाव हिंगणघाट तालुक्यातलं, शेती कापूस-तूर-सोयाबीनची, विहिरीवर ५ एचपीची मोटर, रब्बीत चणा. गावात मिस्त्री नाही, म्हणून स्टार्टर, फवारणीचा पंप, मोटरसायकल, घरातले लाईटचे बोर्ड सगळं आपलं आपणच खोलायचं असतं.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरची गोष्ट. चण्याला पाणी चालू होतं आणि त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती. साडेअकराच्या सुमारास मोटर घुरघुरली आणि बंद पडली. स्टार्टर खोलून पाहिला तर मधल्या फेजचं टर्मिनल काळं पडलेलं, वायर ढिली होऊन जळत गेलेली. काम साधं होतं, इस्क्रू ढिला करायचा, जळकं टोक कापायचं, वायर नव्यानं सोलून परत कसायची, दहा मिनिटं. मेन बंद केला, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून खिशात टाकले (खिशातच टाकत जा, तिथंच ठेवले तर अंधारात दुसरा कोणी येऊन लावून देतो), टेस्टर लावून पाहिला, बॅटरी काखेत धरली आणि डब्यातला पेचकस काढला.

तो डब्बा म्हणजे बाजारातून २५० रुपयांत आणलेला ३१ नगांचा सेट, त्याच्यावर कंपनीचं नाव-गावच नव्हतं. इस्क्रू गरमीनं आवळलेला होता, मी जोर दिला तर इस्क्रू जागचा हलला नाही पण पेचकसाचं टोक दोरीला पीळ द्यावा तसं फिरलं. दुसरं टोक लावलं तर त्यानं इस्क्रूची खाचच खरवडून टाकली, तिसऱ्यात तर डोकं गुळगुळीत गोल झालं. रात्री दोन वाजेपर्यंत मी त्या एका इस्क्रूपाशी होतो. सकाळी ड्रिल मागून आणली, इस्क्रू ड्रिलनं खाल्ला, त्यात टर्मिनलचे आटे गेले, मग ती पट्टीच नवीन आणावी लागली. पाण्याच्या दोन पाळ्या हुकल्या आणि चणा तर घाटे धरायच्या बेतात होता. अडीचशे वाचवायला गेलो आणि किती गेले हे मी घरी सांगितलंच नाही.

आमचे मोठे बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये फिटर होते, आता घरीच असतात, दिसायला कमी झालं पण बोटांना सगळं कळतं. मी तो पिळलेला पेचकस त्यांच्या हातात दिला. त्यांनी टोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अबे, हा पेचकस नोहे, सळाख हाय. याले पाणीच नाही देल्लं."

लोहार विळ्याला पाणी देतो, तेच. लोखंड लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं, मग परत थोडं तापवून त्याचा कडकपणा उतरवायचा, नाहीतर ते काचेसारखं फुटतं. पेचकसाच्या टोकाचं सगळं यातच आहे. पाणी कमी पडलं तर टोक पिळतं आणि जास्त झालं तर कोपरा उडतो. दांडीवर क्रोम व्हॅनेडियम लिहिलेलं असतं ते फक्त पोलादाची जात सांगतं, त्याला पाणी नीट दिलंय की नाही हे त्या शिक्क्यावरून कळत नाही, माझ्या त्या डब्ब्यावर पण क्रोम व्हॅनेडियमच छापलं होतं.

मोठ्या बाबांनी त्यांचा जुना पेचकस पेटीतून काढला. लाकडी मूठ, हातानं काळी-चिकट झालेली, मुठीवर पितळेचं कडं, दांडी जाड. मग मला म्हणाले जा कानस घेऊन ये. जेके कंपनीची बारीक कानस होती घरी, ती त्यांनी आधी माझ्या पेचकसाच्या टोकावर फिरवली, खर्रकन पोलाद खाल्लं, चांदीसारखा भुगा पडला. मग स्वतःच्या पेचकसावर फिरवली तर कानस नुसती सरकली, काचेवर सरकावी तशी, आवाज पण बारीक. टोक कडक असलं की कानस धरत नाही. मी दोन-तीन वेळा करून पाहिलं, बोटांना तो फरक एकदा कळला की परत विसरत नाही.

अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली ती मला वीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. दोन्ही पेचकसांची टोकं बाजूनं उजेडात धरली. माझं टोक पाचरीसारखं, वर जाड आणि खाली निमुळतं होत गेलेलं. त्यांच्या टोकाचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अगदी सरळ, दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर. इस्क्रूच्या खाचेच्या भिंती सरळ उभ्या असतात, त्यात पाचर घातली तर ती फक्त वरच्या कडेला टेकते, आणि फिरवायला गेलं की स्वतःच वर उचलली जाते. खाच तिथूनच खरवडते. आपण समजतो आपला हात सरकला.

"दुकानात जाशीन त पेचकस नोको पाहू, आधी इस्क्रू घेऊन जाय," असं ते म्हणाले आणि मी तसंच केलं. बामच्या रिकाम्या डबीत स्टार्टरचा एक इस्क्रू, एमसीबीचा (लोड जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) एक, स्विच बोर्डाचा, फवारणी पंपाचा, दाराच्या बिजागरीचा, मोटरसायकलच्या कार्बोरेटरचा असे काढून भरले. ती डबी वर्षभर माझ्या खिशात होती.

पहिली फेरी हिंगणघाटच्या एका हार्डवेअरमध्ये. दुकानदार चांगला माणूस, त्यानं हिरव्या पारदर्शक मुठीचा टपारिया काढून दिला. टपारिया म्हणजे नाशिकची, सातपूर एमआयडीसीतली, आपल्या भागात पक्कड म्हटली की लोक तीच मागतात. मी सिंगल नग मागितला, ६ मिलिमीटर रुंदीचा मायनस म्हणजे चपट्या टोकाचा, १५० मिलिमीटरची दांडी. काउंटरच्या काचेवर दांडी लोळवून पाहिली, सरळ आहे का ते लगेच दिसतं, वाकडी दांडी लोळताना टोक उड्या मारतं. दुसऱ्या नगाचं टोक एका कोपऱ्यात जरा जास्त घासलेलं होतं म्हणून तो बाजूला ठेवून तिसरा घेतला. एकाच डब्यातल्या चार नगांत पण फरक असतो, म्हणून कितीही नावाजलेली कंपनी असो, हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नका. मग स्टार्टरच्या इस्क्रूत टोक बसवून पाहिलं, खाच पूर्ण भरली, डावी-उजवीकडे हलत नव्हतं. शंभरच्या आसपास पैसे दिले. घरी येऊन कानस लावली, सरकली. मोठ्या बाबांनी मुठीवरून हात फिरवला, "चालते" म्हणाले. त्यांच्या तोंडून चालते म्हणजे लय झालं.

याच फेरीत एक गोष्ट शिकलो. दुसऱ्या एका दुकानात तसाच हिरवा पेचकस ४० रुपयांत होता, नाव वाचलं तर एक अक्षर इकडचं तिकडं. मूठ उजेडात धरली तर आत बुडबुडे, आणि दांडी मुठीत जिथं शिरते तिथं कडेला फट. चांगल्या पेचकसात दांडीच्या आतल्या भागाला ठोकून पंख काढलेले असतात, ते मुठीत रुतून बसतात म्हणून जोर दिला तरी दांडी मुठीत फिरत नाही. पारदर्शक मूठ असली तर ते पंख बाहेरून दिसतात, नक्की पाहा.

मग प्लसचं प्रकरण, आणि माझा खरा वेळ यातच गेला. मला वाटायचं प्लस म्हणजे प्लस. नाही हो. साधा प्लस म्हणजे फिलिप्स, अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सनं १९३६ साली पेटंट घेतलेला, त्याच्या खाचेच्या भिंती तिरप्या असतात त्यामुळे जोर वाढला की टोक वर सरकतं. त्याचे नंबर असतात, पीएच १, पीएच २, पीएच ३, आणि घरातलं बहुतेक काम पीएच २ मध्ये होतं. पण एमसीबीच्या टर्मिनलचा इस्क्रू डबीतून काढून नीट पाहिला तर त्याच्या चार खाचांच्या मध्ये अजून चार बारीक रेघा होत्या. तो पोझिड्राइव्ह, त्याचा नंबर पीझेड. त्यात पीएच २ घातला तर बसल्यासारखा वाटतो पण आत हलतो, आणि आवळताना सटकतो. आपल्याकडे एमसीबी गरम होऊन जळायच्या कितीतरी भानगडी टर्मिनल नीट आवळलं नाही म्हणून होतात, आणि नीट आवळलं जात नाही कारण पेचकसच चुकीचा. हे मला कळलं तेव्हा मी घरातले सगळे एमसीबी परत आवळले, मेन बंद करून, आणि दोन तर पाऊण आटा फिरले.

पीझेड २ हिंगणघाटला मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, "भाऊ, प्लसच हाय ना थो, घ्या ना हाच." त्याचा दोष नाही, कोणी मागतच नाही. तुरीचे पैसे आले तेव्हा नागपूरला जायचं काम निघालं, जाम-बुटीबोरी करत एसटीनं गेलो आणि इतवारीत लोहा ओळीत अर्धा दिवस फिरलो. तिथं जालंधर आणि लुधियानाकडचा माल भरपूर, हॅण्ड टूलचं मोठं काम पंजाबातच होतं. काही पेचकस अतिशय चांगले, टोक काळं केलेलं, नंबर दांडीवर कोरलेला. काहींना क्रोमचा असा जाड मुलामा की टोकाची धारच गोल झालेली, ते ठेवून दिले. चकचकीत टोकापेक्षा काळं टोक बरं, मुलामा नसला की माप नेमकं राहतं आणि इस्क्रूत घट्ट बसतं. एका दुकानात पेचकसाचं भारतीय मानक आयएस ८४४ छापलेली खोकी पण दिसली, पण मी तरी डबीतला इस्क्रूच पुढं केला. प्लसची परीक्षा अशी, इस्क्रू टोकावर बसवून पेचकस आडवा धरायचा. चुंबक नसलेलं टोक बरोबर मापाचं असलं तर इस्क्रू चटकन पडत नाही, टोकाला धरून राहतो. चुंबकवाल्यावर ही परीक्षा फसते म्हणून तिथं बोटानं इस्क्रू हलवून पाहायचा.

पीझेड २ तिथंच मिळाला आणि तो मी इन्सुलेटेडच घेतला, दांडीवर टोकापर्यंत लाल आवरण, दोन त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट लिहिलेलं. हा महाग पडला, साध्याच्या तिपटीनं, पण भारतातच बनलेला. इथं एक गोष्ट मनापासून सांगतो, हिरवी पारदर्शक मूठ प्लास्टिकची आहे म्हणून ती शॉकप्रूफ समजू नका. दांडी उघडी असते, बोट घसरून दांडीवर गेलं की संपलं, आणि आपल्या विहिरीवर ४१५ व्होल्ट असतं, पाय ओल्या मातीत. इन्सुलेटेड असला तरी मी मेन बंद करूनच हात घालतो. आणि टेस्टरनं इस्क्रू कसू नका, टेस्टर पाहायला आहे, त्याचं टोक आणि आतली निऑनची नळी दोन्ही नाजूक, पिळला की आतून कधी तुटतो कळत नाही आणि मग लाईट असूनही तो पेटत नाही. यापेक्षा घातक दुसरं काही नाही.

मोटरसायकलचं मात्र या देशी पेचकसांवर पूर्ण जमलं नाही. आमची जुनी हिरो होंडा, तिचे इस्क्रू जपानी मापाचे, प्लससारखेच दिसतात पण पीएच २ त्यात तळाला टेकतो आणि बाजूंना नीट धरत नाही. सगळ्यांच्या गाड्यांच्या साइड कव्हरचे इस्क्रू गोल झालेले असतात ते याच्यामुळे. मी एका जास्तीच्या पीएच २ चं अगदी टोकाचं अणकुचीदार नाक हिऱ्याच्या पट्टीवर घासून (कानस धरत नव्हती) केसभर कमी केलं, आता बऱ्यापैकी बसतो. आवळलेल्या इस्क्रूला हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरतो, तो ठोक्याबरोबर आत पण दाबतो आणि फिरवतो पण.

तर आता पेटीत सहा आहेत. मायनस ३.५ चा, ६ चा, आणि ८ चा २०० दांडीवाला, ज्याला मुठीपाशी षटकोन आहे म्हणजे पाना लावून जोर देता येतो. प्लसमध्ये पीएच १, पीएच २ आणि तो लाल पीझेड २. घासलेला जपानीवाला वेगळा, तो सहात धरत नाही. सगळे मिळून हजाराच्या आत बसले. उन्हाळ्यात पेटी उघडली की हिरव्या मुठींचा आंबूस वास येतो, शिरक्यासारखा, आधी मला वाटलं काही सांडलं, पण त्या मुठी सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या असतात, ते जुनं व्हायला लागलं की असा वास सोडतं. आता पेटी पत्र्याखालून काढून आत कोठ्याजवळ थंडाव्याला ठेवतो.

घरच्यांना एकच सांगून ठेवलंय, पेचकसानं डबा उघडायचा नाही, छिन्नी म्हणून ठोकायचं नाही. ८ चा तर लहान भावानं एकदा पेंटचा डबा उघडायला घेतला होता, मी दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, वरोऱ्याकडे असतो, त्यानं नवीन सोलर पंप बसवला. "मामाजी, मले पण पेचकसाचा सेट घ्यायचा हाय, कोणता घेऊ?" मी म्हटलं सेट घेऊ नको, पंपाच्या पेटीचे, कंट्रोलरचे दोन-दोन इस्क्रू काढून एका डबीत टाक आणि रविवारी इकडं ये. तो आला, चार इस्क्रू घेऊन, त्यातले दोन पोझिड्राइव्ह निघाले. मोठ्या बाबांनी ते बोटानं चाचपून ओळखले.