जुनी आलिशान एसयूव्ही घेताना : गार इंजिन आणि जुनी बिले

जुनी आलिशान एसयूव्ही पाहायला जाण्यापूर्वी मी मालकांना एकच विनंती करतो : मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तरीही तिथे पोहोचल्यावर सर्वांत आधी बॉनेटवर तळहात ठेवून पाहतो, आणि बॉनेट कोमट लागले तर चामड्याच्या आसनांचे आणि काचेच्या छताचे कितीही कौतुक ऐकून घेतले तरी त्या दिवशी इंजिनाविषयी मत बनवत नाही. मागे एका आठ वर्षे वापरलेल्या पेट्रोल व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडर असलेल्या) गाडीच्या बाबतीत नेमके हेच झाले. ‘सकाळी जरा बाहेर जाऊन आलो,’ असे मालक म्हणाले, आणि गाडी खरोखरच लोण्यासारखी चालली. दोन दिवसांनी वेळ ठरवून पुन्हा गेलो, तेव्हा इंजिन पूर्ण गार होते. स्टार्टर मारल्याबरोबर पत्र्याच्या डब्यात साखळी हलवावी तसा खडखडाट झाला आणि जेमतेम तीन सेकंदांत थांबला. मालकांनी तो ऐकलाच नाही असे दाखवले. मीही वाद न घालता त्यांचे आभार मानून परतलो.

त्या तीन सेकंदांचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर घडवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर काम करतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली ऑइल पॅनमध्ये उतरते, आणि इंजिन सुरू झाल्यावर दाब तयार होईपर्यंत झिजून लांबलेली चेन तिला वळण देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आपटत राहते. गरम इंजिनात ऑइल नुकतेच फिरलेले असल्यामुळे हाच दोष लपून जातो. चेन आणि पट्ट्या या वस्तू तशा फार मोठ्या नाहीत. मोठा असतो तो तिथवर पोहोचण्याचा खटाटोप. बीएमडब्ल्यूच्या एन५७ या तीन लिटर डिझेल इंजिनात किंवा ऑडीच्या तीन लिटर टीडीआय इंजिनात चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स तरी उतरवावा लागतो किंवा इंजिन तरी. मर्सिडीजच्या ओएम६४२ या व्ही-६ डिझेलमध्ये ऑइल कूलर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खाचेत बसवलेला आहे. त्याची रबरी सील मूठभर असतात, पण ती बदलण्यासाठी टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पुरवणारे नळकांडे) काढून ठेवावे लागते. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. कामाचे तास आणि सुट्या भागांचे दर मात्र नव्या गाडीचेच राहतात, हे ग्राहकाच्या फार उशिरा लक्षात येते.

धुराच्या बाबतीत रंगापेक्षा तो केव्हा दिसतो याकडे मी अधिक लक्ष देतो. गार इंजिन सुरू होताना निळ्या धुराचा एकच भपकारा येऊन गेला, तर रात्रभरात ऑइल व्हॉल्व्हच्या सीलमधून थेंब थेंब आत उतरलेले असते. चढावर किंवा जोरात वेग घेताना निळा धूर सतत येत असेल, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर किंवा टर्बोवर जातो. सीलची परीक्षा घेण्यासाठी गाडी गरम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे आयडलिंगवर उभी ठेवावी आणि मग कोणाला तरी मागे धूर पाहायला उभे करून एकदम रेस करावी. ज्या व्ही-८ इंजिनांत टर्बो सिलिंडर-रांगांच्या मधोमध बसवलेले असतात, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूचे एन६३, तिथे उष्णता कोंडून सील लवकर कडक होतात, म्हणून अशा गाड्यांसाठी ही परीक्षा मी कधीही टाळत नाही. थंडीतली पांढरी वाफ काही मिनिटांत विरते. ती विरत नसेल, तिला गोडसर वास येत असेल आणि कूलंटची पातळीही उतरत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सीलचा, विचार करावा. डिझेलच्या काळ्या धुराला इंजेक्टरपासून टर्बोच्या फुटक्या पाइपपर्यंत अनेक कारणे असतात.

खरी मेहनत कागदांवर करावी असे माझे मत आहे. सर्व्हिस बुकातला शिक्का फक्त गाडी कोणीतरी पाहिली असे सांगतो. काय केले ते बिल सांगते. बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा दर्जा आणि किती लिटर घातले हे चारही तपशील असतील, तर त्यावरून इंजिनाचा बराचसा इतिहास उभा राहतो. धुराचा फिल्टर असलेल्या डिझेलला कमी राखेचे ऑइल लागते : मर्सिडीजसाठी एमबी २२९.५१, बीएमडब्ल्यूसाठी एलएल-०४, फोक्सवॅगन-ऑडीसाठी ५०७ ००. बिलावर यांच्याऐवजी नुसतेच ‘सिंथेटिक ऑइल’ लिहिलेले असेल, तर मी प्रश्न विचारतो. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये सुट्या ऑइलच्या बाटल्या घेतल्याची बिले सापडली, तर इंजिन ऑइल खाते आहे हे मालकांना न विचारताही कळते. शिवाय अनेक कंपन्यांनी ऑइल बदलण्याची मुदत पंचवीस-तीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत लांबवली आहे. पहिल्या मालकाला ही सोय वाटते, परंतु तिसऱ्या मालकाच्या वाट्याला त्या मुदतीचा गाळ येतो. म्हणून निम्म्या मुदतीत ऑइल बदललेली गाडी मला कमी चाललेल्या गाडीपेक्षा अधिक मोलाची वाटते. गिअरबॉक्सचेही तसेच आहे. त्यातले ऑइल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे गाडीच्या कंपन्या सांगत आल्या, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलण्याची शिफारस करते. जाडजूड फाइल पाहून काही लोक दचकतात आणि ‘या गाडीला फार काम निघाले’ असे म्हणतात. मला मात्र दहा वर्षांत एकही काम न निघालेल्या गाडीची अधिक भीती वाटते, कारण तिचे सगळे काम अजून निघायचे असते.

किलोमीटरच्या आकड्यावर आपला सगळ्यांचा जीव असतो, पण इंजिन किलोमीटर मोजत नाही, ते फेरे मोजते, आणि फेऱ्यांचा अंदाज ते किती तास चालले यावरून येतो. सरासरी ५० किलोमीटरच्या वेगाने एक लाख किलोमीटर धावलेले इंजिन दोन हजार तास चाललेले असते; सरासरी २०चा वेग असेल, तर तेच अंतर कापायला पाच हजार तास लागतात. म्हणून गाडीच्या संगणकात इंजिनाचे तास नोंदलेले असतील, तर ते अवश्य पाहावेत. किलोमीटरचे रीडिंग मागे फिरवल्याचा संशय असेल, तर लक्षात ठेवावे की अनेक गाड्यांत ते एकाहून अधिक संगणकांत साठवलेले असते, आणि चांगला स्कॅनर त्यांतली तफावत दाखवू शकतो.

स्कॅनर लावल्यावर ‘एकही दोष नाही’ असे दिसले की लोक निश्चिंत होतात. मी त्यानंतर दोषांचे कोड पुसल्यापासून गाडी किती अंतर चालली आहे आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का, हे पाहतो. अंतर पाच-सात किलोमीटर असेल आणि तपासण्या अपुऱ्या असतील, तर दोष बहुधा कालच पुसलेले आहेत. डिझेल असेल तर धुराच्या फिल्टरमध्ये साठलेल्या राखेचा अंदाजही वाचून घ्यावा, कारण काजळी जळते, राख जळत नाही.

एवढ्यातून गाडी उतरली, तरच पुढच्या चाचण्यांवर खर्च करावा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजताना आकडा किती मोठा आहे यापेक्षा सिलिंडरांमध्ये किती फरक आहे हे महत्त्वाचे असते. साधारण दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. पेट्रोल इंजिनात एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात : आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. त्याहून बोलकी चाचणी म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती ऐकणे. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. काही इंजिनांत मात्र कॉम्प्रेशनवर विसंबून चालत नाही. सुरुवातीच्या पोर्शे कायेनमधल्या ४.५ लिटर व्ही-८ ला लोखंडी लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेली नळी) नाहीत. सिलिंडरची भिंत सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमचीच आहे, आणि तिच्यावर उभे ओरखडे पडल्याच्या तक्रारी सर्वज्ञात आहेत. बऱ्यापैकी कॉम्प्रेशन दाखवणाऱ्या इंजिनातही असे ओरखडे असू शकतात, म्हणून स्पार्क प्लग काढून त्या जागेतून बारीक कॅमेरा आत सोडावा आणि पिस्टन खाली नेऊन भिंत चहूबाजूंनी पाहावी. मालकांनी याला नकार दिला, तर तो नकारच तपासणीचा अहवाल समजावा.

मी शेवटी घेतलेली गाडी सहा सिलिंडरची डिझेल आहे आणि ती घेतली तेव्हा तिचे रीडिंग त्या खडखडणाऱ्या व्ही-८ पेक्षा जास्त होते. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल बदलले आणि जुना फिल्टर फेकून न देता त्याचा कागद कापून वर्तमानपत्रावर पसरला. ऑइल निथळल्यावर एकेक घडी उलगडून त्यावरून चुंबक फिरवला, कारण पोलादाचे कण चुंबकाला चिकटतात, आणि न चिकटता चमकणारे कण बेअरिंगचे किंवा ॲल्युमिनियमचे असू शकतात. चुंबक कोराच राहिला. विसाव्या-बाविसाव्या घडीत काहीतरी चमकले तेव्हा पोटात गोळा आला; नखाने उचलून पाहिले तर ती ऑइलने माखलेली सीलंटची (जोड बंद करणाऱ्या लेपाची) राखाडी गोळी होती, आणि चिमटीत धरताच रबरासारखी दबली.