अहुजा टॉवेल

सोमवार, रात्री

आज पॅकिंगला बसलो होतो तेव्हा भारतीअक्कांच्या मोबाइलवर नानावटी खटल्याची गोष्ट चालू होती. असलं काही लागलं की हात भराभर चालतात, म्हणून मालकही काही बोलत नाहीत. मी कडेचे सुटलेले धागे कातरत होते. सांगणारा म्हणाला, खटला गाजत होता तेव्हा मुंबईत फेरीवाले खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ आणि ‘अहुजा टॉवेल’ विकायचे. सगळ्याजणी हसल्या. रेणुकानं घडीतला टॉवेल उलगडून कमरेला लावून दाखवला. माझा हात थांबला तो थांबलाच.

१९५९ सालचं सगळं. नानावटी हा नौदलातला अधिकारी, आणि प्रेम अहुजा त्याच्या बायकोचा प्रियकर. प्रेम अहुजाला गोळ्या लागल्या तेव्हा अंगावर टॉवेल तेवढाच. झटापट झाली असती तर तो सुटला असता, मग तसाच गुंडाळलेला राहिला कसा, यावर कोर्टात खल झाला. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं नानावटीला निर्दोष ठरवलं, पुढं हायकोर्टानं जन्मठेप दिली.

मला राहून राहून त्याच्या बहिणीचं वाटतंय. ती त्याच घरात होती. तिनं कोर्टात साक्ष दिली. आणि बाहेर रस्त्यावर भावाच्या नावानं टॉवेल विकायला. ती आरोळी तिच्या कानावर गेली असेल का?

दादाच्या वेळी आमच्या दारावरून लोक उगाच गाडी हळू करून जायचे. आईनं मग खिडकी... जाऊ दे.

जेवण झाल्यावर वाचत बसले. इंग्लंडात १८२८ साली कॉर्डर नावाच्या माणसाला प्रेयसीच्या खुनाबद्दल फाशी झाली. बघायला हजारोंची गर्दी, आणि नंतर त्या दोराचे तुकडेसुद्धा विकले गेले. आपल्याकडं १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, तर त्याच वर्षी त्यावर सिनेमा निघाला.

वाचता वाचता रेणुकावरचा राग ओसरला. विशीतली पोर, तिला अहुजा हा गोष्टीतला माणूस. आणि दारावरून हळू जाणाऱ्यांपैकीच दोघी-तिघी नंतर आमच्याकडं डबा घेऊन आल्या होत्या. आपल्या घरी असं होईल या भीतीनंच माणूस दुसऱ्याच्या घरात डोकावत असेल. मला त्यांचं आता काही वाटत नाही.

बहिणीचं मात्र डोक्यातून जात नाही. इतक्या लोकांनी इतका चवीनं ऐकलेला खटला, आणि तिच्याबद्दल त्या सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकलं. उद्या अक्का पुढचा भाग लावतील. पुढं तिचं काय झालं ते येतंय का, मला ऐकायचंय.