नाईक यशवंत घाडगे

आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या मुलाने इटलीत काय केलं, हे माझ्या मुलांना पुतळ्यावरच्या नावापलीकडे माहीत असावं म्हणून लिहितेय.

१० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधल्या नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगेंच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून जर्मन मशीनगन सुरू झाली. सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. उभे राहिले एकटे घाडगे. वय बावीस! ते थेट मशीनगनवर धावले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, दुसरा शत्रू टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने टिपला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मग बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच ठेचलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्चावरच त्यांनी प्राण सोडला.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. पदक इंग्रजांचं म्हणून कुणी नाक मुरडतं, ते मला मुळीच पटत नाही. समोर हिटलरची फौज होती आणि धावणारा माणूस आपला होता. त्यांची कबर सापडलेली नाही. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.