पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

पहिली वेलांटी की दुसरी, यावरून मराठीच्या मास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे गुण कापले. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे बापुडा, हे आपण घोकलं. बोलताना मात्र दोन्ही सारखेच. यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) आणि इंग्रजीच्या सीमेवर मात्र असा एक शब्द आहे, की तिथे वेलांटी चुकली तर समोरचा माणूस दुखावतो.

यिडिशमध्ये ज्यू माणसाला ‘यीड’ म्हणतात. दुसरी वेलांटी, स्वर लांब. त्यात अपमान नाही, उलट आपलेपणाच आहे. ‘वोस माख्ट अ यीड?’ म्हणजे अक्षरशः ‘यीड काय करतोय?’, पण सूर आपल्या ‘काय म्हणतोय गडी?’चा. अनोळखी गृहस्थालाही आदरानं ‘रेब यीड’ अशी हाक. हाच शब्द इंग्रजीत गेला, स्वर आखडून ‘यिड’ झाला आणि शिवी बनला. 1930च्या दशकात ब्रिटिश फॅसिस्ट पुढारी ऑस्वल्ड मोझलीचे काळे सदरेवाले तो घोषणांमधून ओरडत फिरत.

पुढची गोष्ट फुटबॉलच्या मैदानातली. उत्तर लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर क्लबला ज्यू प्रेक्षकांचा जुना लोभ. त्यावरून विरोधी प्रेक्षक ‘यिड’ म्हणून डिवचायचे. काहीजण तर नाझींच्या गॅस चेंबरची आठवण करून द्यायला तोंडानं गॅस सोडल्याचा आवाज काढायचे, इतकी नीच पातळी. तेव्हा टॉटनहॅमवाल्यांनी, आणि त्यात बहुतेक ज्यू नव्हतेच, ती शिवीच उचलली: होय, आम्ही ‘यिड आर्मी’! 1994 साली युर्गेन क्लिन्समन संघात आला, तर ‘युर्गेन जर्मन होता, आता ज्यू झाला’ असं गाणंच रचलं. 2020 साली ऑक्सफर्डच्या कोशानंही टॉटनहॅमचा चाहता हा अर्थ नोंदवला. क्लब त्यावर नाराज झाला आणि 2022 साली त्यानं चाहत्यांना हा शब्द सोडायची विनंती केली.

विनोदी लेखक डेव्हिड बडील स्वतः ज्यू, शिवाय प्रतिस्पर्धी चेल्सीचे चाहते. त्यांचं म्हणणं असं, की शिवी उलटवून मिरवायची तर ती ज्यांना बसली त्यांनी. ज्यू नसलेल्यांना तो अधिकार दिला कोणी? मला हे पटतं. पण टॉटनहॅमचेच काही ज्यू चाहते सांगतात, की हजारो परकी माणसं तो शब्द आपलासा करून ओरडतात तेव्हा आम्हाला एकटं वाटत नाही. हे वाचलं, की माझं मत डळमळतं.